चार-पाच हार्ड डिस्क, एकच डेस्कटॉप: वेग नेमका कुठे अडतो?

डेस्कटॉपमध्ये तिसरी-चौथी हार्ड डिस्क बसवली की सगळ्याच मंदावतात, असं बरेच जण धरून चालतात. ही धास्ती आयडीई या जुन्या जोडणीच्या काळातली आहे. तेव्हा मास्टर आणि स्लेव्ह अशा दोन डिस्क एकाच चपट्या केबलवर असायच्या, आणि एकीचं काम चालू असताना दुसरीला थांबावं लागायचं. साटा या आताच्या जोडणीत प्रत्येक पोर्टपासून डिस्कपर्यंत वेगळी केबल, वेगळी वाट. डिस्क वाढल्या म्हणून वेग घटत नाही. बऱ्याच डिस्कची वाट पुढे कुठेतरी एक होते, तिथे तो घटतो. ती जागा शोधणं हेच खरं काम.

आधी आकडे डोक्यात बसवा. साटा-३ ची लिंक ६ गिगाबिटची, म्हणजे कागदोपत्री सेकंदाला ६०० एमबी. ७२०० आरपीएमची मोठी, नवी हार्ड डिस्क बाहेरच्या ट्रॅकवर साधारण २०० ते २८० एमबी देते आणि भरत भरत आतल्या ट्रॅकवर आली की जवळपास निम्म्यावर येते. त्यामुळे फिरणारी डिस्क जुन्या ३ गिगाबिटच्या पोर्टवर लावली तरी फारसं बिघडत नाही. साटा एसएसडीचं मात्र तसं नाही. ती ५५० च्या आसपास जाते, तेव्हा ६ गिगाबिटचे पोर्ट आधी तिला द्या.

मदरबोर्डवर चार किंवा सहा पोर्ट असतील तर आधी तेच वापरा. ते चिपसेटला (बोर्डावरचे पोर्ट सांभाळणाऱ्या चिपला) जोडलेले असतात, आणि चिपसेट ते प्रोसेसर ही वाट पीसीआयई ३.० च्या चार लेनची (पीसीआयई म्हणजे बोर्डावरचा डेटाचा रस्ता, लेन म्हणजे त्यातली एक पट्टी) असली तरी जवळपास ४ जीबी प्रतिसेकंद वाहून नेते. सहा हार्ड डिस्क एकदम पळवल्या तरी ती भरत नाही. इथे एक खोच आहे. बऱ्याच बोर्डांवर एखाद्या एम.२ स्लॉटमध्ये (पट्टीसारख्या एसएसडीच्या खाचेत) एसएसडी बसवली की ठरावीक साटा पोर्ट आपोआप बंद होतात. डिस्क बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) दिसेनाशी होते आणि माणूस ती मेली असं समजून परत करायला निघतो. कोणता स्लॉट कोणत्या पोर्टचा बळी घेतो, याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. केबल खोचण्याआधी तो बघा. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय (साटा डिस्क चालवण्याची नेहमीची पद्धत) आहे ना, तेही तेव्हाच बघून घ्या.

पोर्ट कमी पडले की पोर्ट वाढवणारं पीसीआयई कार्ड घ्यावं लागतं, आणि वेग सर्वांत जास्त इथेच मारला जातो. कार्डावर किती पोर्ट आहेत यापेक्षा त्यामागे किती लेन आहेत हे महत्त्वाचं. पीसीआयई २.० ची एक लेन ५०० एमबीची, प्रत्यक्षात ४०० च्या जवळपास. त्यावर दोन हार्ड डिस्क ठीक. एएसएम१०६४ चिपचं चार पोर्टचं कार्ड ३.० च्या एका लेनवर चालतं, चार हार्ड डिस्कला जेमतेम पुरतं. जेएमबी५८५ (पाच पोर्ट) आणि एएसएम११६६ (सहा पोर्ट) या चिप ३.० च्या दोन लेन घेतात. घरगुती कामाला मी याच सुचवेन. मात्र स्लॉट लांबीने सोळा लेनचा दिसला तरी आत एकच लेन जोडलेली असू शकते. त्याचंही उत्तर मॅन्युअलमध्येच.

आठ-दहा पोर्टची स्वस्त कार्डं बहुधा पोर्ट मल्टिप्लायरवर चालतात. एका साटा लिंकला पाच फाटे फुटलेले. पाचही डिस्क एकदम वाचायला घेतल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला शंभरच्या आसपास एमबी येतात, आणि एक डिस्क अडखळली की बाकीच्याही अडकू शकतात. आठ डिस्क लागणारच असतील तर सर्व्हरमधलं एलएसआय ९२०७-८आय सारखं एचबीए कार्ड (डिस्क जोडायचं कार्ड) आयटी मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक डिस्क जशीच्या तशी दाखवणाऱ्या मोडमध्ये, घ्या. त्याला एका टोकाला चार साटा प्लग असलेली फॉरवर्ड ब्रेकआउट केबल लागते. रिव्हर्स केबल दिसायला तशीच असते, पण तिने डिस्क दिसत नाहीत. हे कार्ड चांगलंच तापतं, हीटसिंकवर पंख्याचा वारा हवाच.

आता वीज. यात कुणी काटकसर करू नये असं मला मनापासून वाटतं. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर २ अँपिअरपर्यंत ओढते. साटाच्या वीजप्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण साडेचार. अशा एका प्लगला चार फाट्यांचा स्प्लिटर लावलात तर चालू करताना ८ अँपिअर त्याच तीन पिनांतून जाऊ पाहतात. प्लग तापतो, व्होल्टेज पडतं, डिस्क कटकट आवाज करत गायब होते आणि पुन्हा येते. स्प्लिटर लागलाच तर मोलेक्सवरून (पॉवर सप्लायच्या जुन्या, चार पिनांच्या मोठ्या प्लगवरून) घ्या, त्याची पिन जास्त करंट सोसते. मात्र साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा नको. त्यात आतल्या तारा एकमेकींना भिडून पेटल्याची उदाहरणं आहेत. वेगळी करता येणारी पिन असलेला, क्रिंप केलेला प्लग घ्या. आणि मॉड्युलर (केबली काढता-घालता येणाऱ्या) पॉवर सप्लायच्या केबली दुसऱ्या मॉडेलला कधीच लावू नका. प्लग बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असला तर सगळ्या डिस्क एका फटक्यात जळतात.

बाहेरच्या यूएसबी बॉक्समधून काढलेली डिस्क फिरतच नसेल, तर साटा वीजप्लगच्या तिसऱ्या पिनवरचा ३.३ व्होल्ट तिला बंद ठेवतोय का बघा. ३.३ ची तार नसलेल्या मोलेक्स अडॅप्टरने ती चालू होते.

डेटा केबल एक मीटरच्या आतली, क्लिपवाली घ्या आणि काटकोनात मुडपू नका. केबल खराब असली की लिंक गुपचूप ६ वरून ३ किंवा दीड गिगाबिटवर उतरते. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ट्रान्सफर मोडच्या रकान्यात सध्याचा आणि कमाल असे दोन आकडे दिसतात. ते जुळले पाहिजेत. खाली सी७ ओळीत सीआरसी चुकांची (केबलवरून जाताना डेटात झालेल्या चुकांची) मोजणी असते. ती कधीच शून्यावर येत नाही, म्हणून आजचा आकडा टिपून ठेवा, केबल बदला आणि तो पुढे सरकतोय का पाहा. थांबला, तर दोष केबलचा होता.

सगळं जोडून झालं की प्रत्येक डिस्कची वाचनाची गती एकेकटीने मोजा, मग सगळ्या एकदम पळवा. एकेकटी २०० देणाऱ्या चार डिस्क एकत्र मिळून ४०० वरच थांबल्या, तर त्या बहुधा पीसीआयई २.० च्या एका लेनवर आहेत; कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवून पाहा, तरीही तेच राहिलं तर कार्ड बदला. वाचन उत्तम पण मोठी फाइल लिहिताना सुरुवातीला झपाट्याने जाऊन नंतर वीस-तीस एमबीवर रखडत असेल, तर जोडणीत काहीच उलगडत बसू नका. ती डिस्क बहुधा एसएमआर पद्धतीची (ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) आहे, तिचा आतला कॅश भरला की असंच होतं. तिला बॅकअपसाठी ठेवा आणि रोजच्या लिखाणाला सीएमआर (ट्रॅक वेगवेगळे ठेवणारी) डिस्क लावा.