वरवंटाही दूध पितो

२१ सप्टेंबर

१९९५ साली याच तारखेला गणपती दूध प्यायला, म्हणजे मूर्तीला टेकवलेल्या चमच्यातलं दूध जाऊ लागलं. वार गुरुवार, पितृपंधरवडा चालू. पहाटे दिल्लीतल्या एका देवळातून बातमी निघाली आणि फोनाफोनी होत होत दिवसभरात देशभर पसरली, लंडनच्या साउथॉलमधल्या देवळातही रांग लागली.

दूध खरंच जात होतं, हे आधी मान्य करावं. ‘लोकांना भास झाला’ असं म्हणणाऱ्यांनी बहुधा चमचा हातात धरून पाहिलेला नसतो.

घरी करून पाहायचं तर वरवंटा उभा करून ओल्या फडक्याने पुसावा. चहाचा चमचा काठोकाठ भरावा, इतका की दूध कडेच्या किंचित वर फुगून राहील. पृष्ठताणामुळे ते सांडत नाही. मग चमच्याची कड दगडाच्या फुगीर भागाला टेकवून चमचा केसभर कलता करायचा. दुधाचा पहिला स्पर्श झाला की ते ओल्या दगडाला चिकटतं, पातळ थराने खाली उतरतं आणि मागचं दूध सोबत ओढून नेतं. चमचा अर्धाच भरला तर दूध कडेला टेकत नाही आणि प्रयोग फसतो. दगड तेलकट असेल तर दूध पसरण्याऐवजी थेंब होऊन टपकतं. शेंदूर-तेलाच्या मारुतीवर हे साधणं अवघडच.

दूध जातं कुठे? चमचाभर म्हणजे ५ मिली. थर ०.१ मिलिमीटर जाड धरला तर तेवढं दूध ५०० चौरस सेंटीमीटर जागा व्यापतं, वहीच्या मोठ्या पानापेक्षा थोडी कमी. पांढऱ्या संगमरवरावर पांढरा थर दिसणार कसा? दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग कालवला, तेव्हा मूर्तीच्या अंगावरून उतरणारा ओघळ सगळ्यांना दिसला.

इथवर सोपं आहे. पण या एका दिवसात दोन प्रश्नांची गल्लत झाली आणि ती अजून सुटलेली नाही. दूध का गेलं हा एक प्रश्न, देव आहे का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा निकालात निघत नाही. ‘दूध प्यायला म्हणून देव आहे’ म्हणणाऱ्याची अडचण तर आणखी मोठी: एकदा दूध जाईनासं झालं, मग देव गेला का?

आस्तिकांचा खरा दमदार युक्तिवाद नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन या तर्कावर भर देणाऱ्या परंपरेतल्या पंडितांचा. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी साधारण हजार वर्षांपूर्वी तो बांधला. घडा दिसला की कुंभार होता हे कळतं; पृथ्वी, अंकुर हीही कार्यंच, म्हणजे कशापासून तरी घडलेल्या गोष्टी, म्हणून त्यांनाही जाणता कर्ता हवा. चमत्काराची इथे गरजच नाही, उलट रोजचा अंकुर पुरतो.

घाव घालायचा तर इथे घालावा. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींची कायमची सोबत, आपण स्वयंपाकघरात पुन्हा पुन्हा पाहिलेली असते. जग घडताना कोणी पाहिलं? शिवाय कुंभाराला हात असतात, चाक लागतं, माती आधीपासून असते. हाच दृष्टांत धरून बसलं तर देवालाही शरीर द्यावं लागेल, आणि ते शरीर कोणी घडवलं हा प्रश्न पुन्हा उभाच. नैयायिकांचं उत्तर असं की कर्त्याला ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न पुरेत, शरीर नको. मला ते पटत नाही, कारण शरीराशिवाय प्रयत्न करणारा कुंभार दृष्टांतात कुठेच नाही. गंमत म्हणजे या कर्त्यावर कडाडून तुटून पडणारे कुमारिल भट्ट वेद प्रमाण मानणारे मीमांसक होते. जग निर्माण करण्यामागे त्याचा हेतू काय, आणि दयाळू असेल तर इतकं दुःख का, हे त्यांनीच विचारलं. वेद मानायचा आणि जगाचा कर्ता नाकारायचा, हे आज ऐकायलाही विचित्र वाटतं.

नरेंद्र दाभोलकरांची भूमिकाही अनेकांना अर्धीच ठाऊक असते. देव मानणाऱ्याशी भांडण नाही, देवाच्या नावाने फसवणाऱ्याशी आहे, असं ते सांगत.

प्रयोग झाल्यावर वरवंटा लगेच गरम पाण्याने धुवावा. दगडाच्या खाचांत दूध राहिलं तर दुसऱ्या दिवशी चटणीला आंबूस वास येतो.