डिसेंबर १९७८ च्या फाइल्स सापडेनात
रिमोट सेन्सिंगच्या, म्हणजे उपग्रहांवरून पृथ्वीची माहिती घेण्याच्या, नोकरीतला माझा दुसराच आठवडा. सर म्हणाले, नासाच्या सीसॅट उपग्रहाच्या जुन्या रडार इमेजेस उतरवून घे आणि उत्तरेकडच्या समुद्री बर्फाचे महिन्यावार फोल्डर लाव. मी आपली जुलै १९७८ ते मार्च १९७९ अशी रेंज टाकली, म्हटलं हिवाळाही येईल त्यात, आणि स्क्रिप्ट चालू करून चहाला गेले.

येऊन बघते तर १० ऑक्टोबरच्या पुढे एकही फाइल नाही. मग काय, तारखेचा फॉरमॅट बदलून बघितला, लूप बदलला, पासवर्ड पुन्हा टाकला, नेटवर्कवाल्यांशी वाद घालून झाला, तीन तास गेले. शेवटी बिचकत सरांना विचारलं तर ते हसायलाच लागले. "अगं, तो गेला ना ऑक्टोबरमध्ये!"

मला वाटलं होतं उपग्रह म्हणजे आठ-दहा वर्षं तरी चालणारच. हा २७ जून १९७८ ला कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून उडाला आणि १०५ दिवसांत संपला. फिरणाऱ्या सोलर पॅनेलची वीज आत आणायला स्लिप रिंग असतात, तिथे मोठा शॉर्टसर्किट झाला आणि सगळी पॉवरच गेली. पाच उपकरणं होती वर, पण शेवट काही त्यांच्यामुळे झाला नाही हो, वायरिंगच्या जागी घात झाला.

आणि ते रडार, सुमारे २३ सेंटिमीटर तरंगलांबीचं, ढग असो रात्र असो समुद्र बघणारं, त्याचं एकूण रेकॉर्डिंग जेमतेम ४२ तासांचं. त्यातलंही बरंचसं वर्षानुवर्षं टेपांवर पडून होतं, अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीने २०१३ मध्ये डिजिटल करून सगळ्यांना खुलं केलं, म्हणून माझ्यासारखीला ते असं बसल्या जागी मिळालं.

फोल्डर राहिले बाजूला, मी इमेजेसच बघत बसले. उथळ पाण्यातल्या वाळूच्या दांड्यांचे आकार चक्क दिसतात! रडार पाण्याखाली जात नाही, पण भरती-ओहोटीचा प्रवाह दांड्यावरून जाताना वरचा पृष्ठभाग कुठे खडबडीत होतो, कुठे गुळगुळीत, आणि रडारला नेमका तोच फरक कळतो. एका फ्रेमवर तर माझी वीस मिनिटं गेली असतील.

मग अर्थातच अरबी समुद्र शोधला. शून्य. पुन्हा स्क्रिप्टवर संशय! सर लांबूनच म्हणाले, रडारचा डेटा इतका प्रचंड की वर साठवायची सोयच नव्हती, ग्राउंड स्टेशन समोर असेल तेव्हाच खाली यायचा, आणि स्टेशनं होती अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये. आपल्याकडचं हवं असेल तर अल्टिमीटरचं, म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या उपकरणाचं बघ, ते जगभर मोजत होतं.

संध्याकाळी ऑक्टोबरचा फोल्डर लावला, नोव्हेंबर ते मार्चचे रिकामे पाच डिलीट केले, आणि नेटवर्कवाल्यांना सॉरीचा मेल टाकला.