नॉइज ब्लँकर फिल्टरच्या आधीच का हवा

हौशी रेडिओच्या चाळीस मीटर बँडवर (सुमारे 7 मेगाहर्ट्झ) एखादा क्षीण मोर्स संकेत ऐकताना मला सततच्या सुरसुरीपेक्षा स्कूटरच्या स्पार्क प्लगमधून किंवा विजेच्या खांबावरील सैल जोडातून येणाऱ्या टोकदार स्पंदांचा जास्त त्रास होतो. असा स्पंद काही मायक्रोसेकंदांतच संपतो, पण त्याची ऊर्जा अनेक मेगाहर्ट्झवर पसरलेली असते. फक्त 500 हर्ट्झ रुंदीचा पट्टा सोडणाऱ्या क्रिस्टल फिल्टरमधून जाताना तो जवळजवळ 2 मिलिसेकंदांइतका लांबतो आणि एजीसीला (संकेताची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या मंडलाला) फसवून संपूर्ण रिसीव्हरची संवेदनशीलता खाली आणतो. त्यामुळे फिल्टर अरुंद केला की खडखडाट आपोआप कमी होईल, ही समजूत इथे पुरी पडत नाही; असे स्पंद कापणारे मंडल, म्हणजे नॉइज ब्लँकर, फिल्टरच्या आधीच लागते.

क्रिस्टल फिल्टर असलेला ‘सिंगल सिग्नल’ रिसीव्हर 1932 मध्ये हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींसमोर मांडणाऱ्या जेम्स लॅम्ब यांनीच फेब्रुवारी 1936 च्या ‘क्यूएसटी’ या हॅम मासिकात यावर उपाय दिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्पंद अजून अरुंद आणि उंच आहे तोवरच, म्हणजे फिल्टरच्या आधी, त्याला ओळखायचे आणि तेवढ्या क्षणापुरता आयएफचा (रिसीव्हरमधल्या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या टप्प्याचा) मार्ग बंद करायचा, हे त्यांच्या मंडलाचे तत्त्व होते. एवढी छोटी पोकळी कानाला जाणवत नाही. आजचे नॉइज ब्लँकरही याच तत्त्वावर चालतात.

मात्र ब्लँकरमधला स्पंद ओळखणारा भाग रुंद पट्टा ऐकत असल्यामुळे शेजारच्या प्रबळ स्टेशनलाही तो स्पंद समजतो आणि त्याचे तुकडे करून बँडभर घाण पसरवतो. हॅम स्पर्धेच्या दिवशी दुसऱ्याच्या सिग्नलला दोष देण्याआधी आपला ब्लँकर बंद करून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. 1976 पासून 1989 पर्यंत लघुलहरींवर सेकंदाला दहा ठोके देणाऱ्या सोव्हिएत ‘दुगा’ रडारपुढे साधे ब्लँकर अपुरे पडत, कारण त्याचे ठोके बरेच लांब होते. त्यासाठी काही रिसीव्हरमध्ये मार्ग जास्त वेळ बंद ठेवणाऱ्या ‘रुंद’ ब्लँकरची वेगळी सोय करावी लागली.

तरीही गोंगाट उगमापाशी थांबवणे केव्हाही श्रेयस्कर. आपल्या 50 हर्ट्झच्या वाहिन्यांवरील सैल जोडातली ठिणगी सेकंदाला साधारण 100 वेळा कडाडते. कोरड्या दिवसांत ती जोरात ऐकू येते आणि पावसात फट पाण्याने भरली की बहुधा थांबते, म्हणून शोध उन्हाळ्यातच घ्यावा. हातातला एएम रिसीव्हर शक्य तितक्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर लावून चालत गेल्यास दूरच्या खांबांचा आवाज आपोआप गळतो आणि नेमका दोषी खांब सापडतो. त्याला हात न लावता त्याचा क्रमांक टिपून वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.