कमाटीबागेतला माझा बाक

सोलापूरहून बडोद्याला आलो त्याला आता दीड वर्ष झालं, पहिले चार महिने तर मकरपुऱ्यातली शिफ्ट, रूम, मोबाईल आणि परत शिफ्ट एवढंच, आईला फोनवर "मस्त चाललंय" सांगायचो आणि रात्री तीनला टक्क जागा. मग एका रविवारी रूमवर जीव घुसमटला म्हणून उगाच कमाटीबागेत गेलो. सयाजीबाग हे खरं नाव, सयाजीराव महाराजांच्या काळातली, १८७९ ची, शंभर एकरांच्या वर पसरलीय आणि मधून विश्वामित्री वाहते (जिच्यात मगरी आहेत, हे मला दुसऱ्या फेरीत कळलं 😄).

वडाखालच्या बाकावर एक काका शेंगा सोलत बसलेले, मी फोनवर मराठीत बोलतोय ऐकून म्हणाले, "काय रे, कुठला तू?" आणि न विचारता मूठभर शेंगा हातात. त्यांचं मराठी निम्मं गुजराती, पण इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा अरे-तुरे केलं, बरं वाटलं.

२०१९ मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांचा एक अभ्यास आला होता, आठवड्याला दोन तास झाडांमध्ये घालवणाऱ्यांना जास्त बरं वाटतं म्हणे. असेल. पण ज्याला रविवारीसुद्धा सुट्टी नाही त्याने ते दोन तास आणायचे कुठून? माझ्या रूमजवळ एक झाड नाही, बागेत यायला रिक्षाचे पैसे मोजावे लागतात.

झोप अजून धड नाहीच. पण काका गेल्या रविवारी विचारत होते, "मागच्या आठवड्यात आला नाहीस?"