तुर्भ्याच्या आयकियाचा स्लॉट, रात्रीची संचारबंदी आणि आमच्या पॅसेजमधलं कपाट

डिसेंबर २०२० मध्ये आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच विषय चालायचे, लस कधी येणार आणि आयकिया, म्हणजे ते स्वीडनच्या कंपनीचं फर्निचरचं मोठं दुकान, कधी उघडणार. १८ डिसेंबरला नवी मुंबईत तुर्भ्याला उघडणार हे कळल्यापासून रोज कुणीतरी फोटो टाकायचं. ५ लाख ३० हजार स्क्वेअर फुटांचं दुकान, ७ हजाराच्या वर वस्तू, असे आकडे येत होते आणि आम्ही सगळे ४००-५०० स्क्वेअर फुटांच्या घरात नऊ महिने कोंडून बसलेलो, त्यामुळे लोकांना त्याचं एवढं वेड का लागलं हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं.

माझी मामेबहीण हैदराबादला असते. देशातलं पहिलं आयकिया तिकडे ९ ऑगस्ट २०१८ ला उघडलं तेव्हा पहिल्याच दिवशी ४० हजाराच्या आसपास लोक आले होते, हायटेक सिटीचा सगळा भाग जाम झाला होता, आणि ती अर्ध्या रस्त्यातून परत आली होती. तिचा मेसेज आला, "ताई पहिल्या दिवशी अजिबात जाऊ नकोस." मावसभाऊ जर्मनीत शिकायला गेला होता त्याचं म्हणणं वेगळंच, तो म्हणाला तिकडे आम्ही पोरं पहिल्या आठवड्यात गादी, ताटं, दिवा सगळं तिथूनच उचलतो, त्यात बघायला जाण्यासारखं काय आहे. मला दोघांचंही पटलं. त्याच्यासाठी ते रोजच्या गरजेचं दुकान होतं आणि आपल्याकडे ती बातमी होती.

पण मला खरंच दोन गोष्टी हव्या होत्या. एक, माझ्यासाठी टेबल, कारण मार्चपासून मी ऑफिसचं काम ओट्याच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून करत होते आणि कंबर पार गेली होती. दुसरं, बाबांच्या म्हणजे सासऱ्यांच्या पुस्तकांसाठी कपाट. बाबांची पुस्तकं आणि ३० वर्षांचे दिवाळी अंक माळ्यावर गोणीत भरलेले, त्यांना वाचायचं असलं की नवऱ्याला स्टुलावर चढवायचं. लॉकडाऊनमध्ये बाहेर जाणं बंद झालं, कट्टा बंद झाला, तेव्हा त्यांना ती पुस्तकं हाताशी हवी होती आणि ते सारखं मागायलाही संकोचायचे. त्या संकोचाचा मला फार त्रास व्हायचा.

आधी उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटचा विचार केला होता. तिकडे पुस्तकांचं म्हणून जे कपाट मिळतं ते बहुतेक १५-१६ इंच खोल, काचेच्या दारांचं. आमचा पॅसेज ३८ इंचांचा, त्यात १६ इंचांचं कपाट आणि शिवाय बाहेर उघडणारी दारं म्हटलं तर माणूस जाणार कुठून. आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी मापाप्रमाणे करून देतो म्हणून सांगितलं, प्लाय, सनमायका, मजुरी धरून १८ हजार. त्यांचा भाव चुकीचा नव्हता, चांगलं प्लाय वापरलं तर तेवढं होतंच, पण पगार कापलेला होता त्यामुळे जमेना.

मग वेबसाइटवर बिली नावाचं पुस्तकांचं कपाट दिसलं. ८० सेंटीमीटर रुंद, २०२ उंच आणि खोली फक्त २८ सेंटीमीटर. २८ म्हणजे ११ इंच. मी पॅसेजमध्ये जमिनीवर खडूने ११ इंचांवर रेघ मारली आणि दोन दिवस घरातल्या सगळ्यांना रेघेच्या अलीकडून चालायला लावलं. बाबा सुद्धा आरामात जात होते. किंमत सुतारकाकांच्या निम्म्याहून कमी. तेव्हा ठरलं.

करोनामुळे तिकडे असंच उठून जाता येत नव्हतं, आधी ऑनलाइन नाव नोंदवून वेळ घ्यायची होती. पहिल्या दिवसांतल्या वेळा मला मिळाल्याच नाहीत, बघता बघता भरल्या. रोज रात्री जेवणं झाली की मी फोन घेऊन बसायचे, आणि शेवटी गुरुवार २४ डिसेंबर, दुपारी ४ वाजताचा स्लॉट मिळाला, दोघांचा. आनंद झाला आणि लगेच २१ तारखेला बातमी, २२ पासून महापालिका हद्दीत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी. म्हणजे ११ च्या आत सामानासकट डोंबिवलीत पोचायचं. सासूबाई म्हणाल्या राहू दे, नंतर बघू. त्यांची काळजी खरी होती, घरात दोन म्हातारी माणसं, आणि आम्ही गर्दीत जाणार. मी त्यांना सांगितलं की वेळा वाटून दिल्यात म्हणजे एका वेळी मोजकीच माणसं असतील, आणि तिथे काहीही खाणार नाही, मास्क खाली करणार नाही. तो शब्द आम्ही पाळला. १००० जणांचं रेस्टॉरंट आहे म्हणून ग्रुपवर एवढी चर्चा झाली होती पण आम्ही त्या बाजूला फिरकलोसुद्धा नाही.

जायचं कसं हाही प्रश्नच होता. लोकल तेव्हा सगळ्यांना खुली नव्हती, बायकांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर परवानगी. म्हणून मी दुपारच्या गाडीने डोंबिवलीहून ठाण्याला आणि तिथून ट्रान्स हार्बरने तुर्भ्याला, आणि नवरा भाऊजींबरोबर त्यांच्या ईको व्हॅनमधून शिळफाटा महापे मार्गे. भाऊजी त्या गाडीतून फरसाणची डिलिव्हरी करतात, मागची सीट काढलेलीच असते. किती महिन्यांनी लोकलमध्ये बसले होते मी, ऐरोली, रबाळे, घणसोली सगळी स्टेशनं डोळे भरून बघत गेले. तुर्भ्याला उतरून चालतच पोचले, साडेतीनलाच. आणि हे दोघं शिळफाट्याला अडकलेले. ४ वाजले, सव्वाचार झाले, मला धडधडायला लागलं की स्लॉट जातो आता. गेटवरच्या मुलीला मोबाईलवरची नोंदणी दाखवली आणि सगळं सांगितलं, ती म्हणाली मॅडम टेन्शन घेऊ नका, ते आले की या. पाच वाजायच्या आधी आले, ताप मोजला, हात सॅनिटाइज केले आणि आत. भाऊजी गाडीतच थांबले.

वर शोरूममध्ये एका मागोमाग एक खोल्या मांडलेल्या असतात, जमिनीवर बाण, त्या बाणांमागे चालत राहायचं. मला सोफे बघायचे नव्हते पण एका जागी मी थांबलेच. लहान घर होतं, आमच्यासारखंच, त्यात स्वयंपाक, झोपायची जागा, मुलाचा अभ्यास, पाहुणे आले तर एकावर एक ठेवायची स्टुलं, सगळं बसवलेलं. हैदराबादच्या आधी यांच्या लोकांनी भारतातल्या हजारेक घरांत जाऊन माणसं कशी राहतात ते बघितलं होतं असं मी वाचलेलं, आणि ते त्या खोलीत जाणवत होतं. आत्तापर्यंत फर्निचरच्या शोरूममध्ये जे हॉल बघितले ते सगळे आमच्या अख्ख्या घराएवढे असायचे, तिथे सेल्समन आधी बजेट विचारायचा आणि मग आवाज बदलायचा. इथे कुणी काही विचारलं नाही. मी खुर्चीत बसले, ड्रॉवर उघडले, टेबलाची उंची कोपराला लावून बघितली, अर्धा तास. एक आजी तर पलंगावर पाय वर घेऊन निवांत बसल्या होत्या. माझ्या मते गर्दीचं खरं कारण हे होतं, हात लावून बघायला मिळणं.

टेबलासाठी लिनमन नावाची फळी आणि अडिल्स नावाचे चार पाय घेतले. फळी उचलली तर फारच हलकी, नवऱ्याला शंका आली. आतमध्ये भरीव लाकूड नसतं, कडेला चौकट आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखी कागदाची जाळी असते, म्हणून हलकी आणि म्हणून स्वस्त. लॅपटॉपला भरपूर झाली. पण त्यावर मधोमध स्क्रू मारून काही बसवायचं मनात असेल तर हे घेऊ नका, मध्ये स्क्रूला धरायला काही नाही.

एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. वर जे मोठं सामान दिसतं ते तिथे मिळत नाही, त्याच्या चिठ्ठीवर खालच्या गोदामातली रांग आणि रॅकचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवायचा आणि खाली जाऊन आपणच ट्रॉलीवर घ्यायचं. माझ्यापुढचं एक जोडपं फोटो न काढता खाली आलं आणि बिचारे उलटे वर गेले. बिलीचा खोका दोन मीटर लांब आणि चांगला जड, मी एक बाजू आणि नवऱ्याने एक असं धरून ट्रॉलीवर चढवला. घासाघीस नाही, बिलिंगची रांग मोठी पण सरकत होती. बाहेर आलो तेव्हा सव्वाआठ.

ईकोत तो खोका पुढच्या दोन सीटच्या मधून दांड्यासारखा आत गेला आणि मागचं दार लागलं. मला तेव्हा ते वाचलेलं आठवलं, १९५६ साली स्वीडनमध्ये यांच्याकडे गिलिस लुंडग्रेन नावाचा माणूस कामाला होता, त्याला एक टेबल गाडीत बसवता येईना म्हणून त्याने पायच काढून टाकले, आणि तिथून हे सुटं करून चपट्या खोक्यात विकायचं सुरू झालं. बिलीचं डिझाइनही त्याच माणसाचं, १९७९ पासून विकतायत. भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, "वहिनी, त्याच्याकडे पण ईकोच असणार." सगळे खूप हसलो, किती दिवसांनी. महाप्याला रस्ता मोकळा मिळाला, शिळफाट्याला थोडं थांबलो, १० वाजून २० मिनिटांनी घरी. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नाताळची सुट्टी. सूचनांच्या पुस्तकात एक शब्द नाही, नुसती चित्रं. बाबांनी ते पुस्तक हातात घेतलं, चष्मा लावला आणि आम्हाला सांगायला लागले, आता लाकडी खुंट्या, आता तो गोल लॉक बाणाकडे फिरवा. मागचा पातळ पुठ्ठ्यासारखा बोर्ड तेव्हा खाचेत सरकवायचा होता आणि मग बारीक खिळे मारायचे होते, अशा ठिकाणी घाई करू नका. कपाटाचे चारी कोपरे काटकोनात आहेत का ते आधी बघून घ्या, कारण तो बोर्डच कपाटाला तिरकं होऊ देत नाही. आम्ही दोनदा बाहेर काढून बसवला. तीन तास लागले सगळे धरून.

उभं केल्यावर मात्र ते भिंतीला बांधलंच पाहिजे, उंच आणि अरुंद कपाट पुढे पडू शकतं, पट्टी सोबत येते पण आपल्या भिंतीला ड्रिल मारून स्क्रूसाठी गिट्टी बसवणं हे आमचं काम नव्हे. मी सुतारकाकांना फोन केला. मनात धाकधूक होती, त्यांचं काम न देता बाहेरून आणलं आणि आता भिंतीला ठोकायला त्यांनाच बोलावतोय. ते रविवारी आले, एक शब्द बोलले नाहीत त्याबद्दल. कपाटाला टकटक करून बघितलं, म्हणाले, "वहिनी, हा भुसा दाबलेला बोर्ड आहे, खाली पाणी लागू देऊ नका, पावसाळ्यात फुगेल. लादी पुसताना जपा." हे त्यांचं अगदी खरं, म्हणून त्यांनीच खाली चार बाजूंना रबराचे तुकडे लावून दिले.

मग पट्टी बसवून झाल्यावर ते तिथेच बसले. फळ्यांसाठी बाजूला जी भोकांची रांग असते त्यातलं अंतर टेपने मोजलं, खिशातल्या वहीत लिहिलं, ते चित्रांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितलं. मला म्हणाले हे दोन दिवस नेऊ का. मी म्हटलं न्या की. बाबांचे कोशाचे जाडजूड खंड ठेवल्यावर एक फळी मध्ये वाकेल अशी त्यांना शंका आली होती, तर पुढच्या रविवारी पुस्तक परत द्यायला आले तेव्हा बरोबर १९ एमएमच्या प्लायची त्याच मापाची एक फळी कापून, कडा घासून, पांढरा रंग मारून घेऊन आले. कोश आता त्या फळीवर आहेत.