विहिरीवरच्या इंजनापासून जहाजाच्या इंजिन रूमपर्यंत

लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या आमच्या गावातून समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र प्रवासात जाते. मी तो पहिल्यांदा पाहिला नौदलात भरती झाल्यावर. इंजन मात्र कळायला लागल्यापासून पाहत होतो. अण्णांच्या विहिरीवर ५ हॉर्सपॉवरचं किर्लोस्करचं डिझेल इंजन होतं. लोडशेडिंगच्या दिवसांत सगळी भिस्त त्याच्यावरच. अण्णा हँडल मारायचे, वेग आला की मी वरची दांडी पाडायचो आणि इंजन धडधडायला लागायचं. पंपाचंच थोडं पाणी बारक्या पाइपनं इंजनात फिरून बाहेर पडायचं. अण्णा अधूनमधून त्या धारेखाली हात धरायचे. कोमट असली तर ठीक, चटका बसला की इंजन बंद. चैत्रात विहीर तळाला गेली की पंप हवा ओढायचा आणि आधी हीच धार तुटायची.

२००९ साली बारावी सायन्स झाल्यावर एसएसआरचा, म्हणजे बारावीनंतरच्या नौसैनिक भरतीचा, फॉर्म भरला. गणित आणि फिजिक्स असणं गरजेचं होतं. लेखी परीक्षा, ७ मिनिटांत १.६ किलोमीटर धावणं, २० उठाबशा, १० पुशअप्स. गावच्या पोरांना यात अवघड काही नाही. पोरं अडकतात मेडिकलला. जायच्या आधी कान साफ करून घ्या आणि डोळ्यांना रंग नीट ओळखू येतात का ते तपासून घ्या. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून होते, चार वर्षांसाठी. त्यामुळे पुढचा हिशेब आमच्यापेक्षा वेगळा करावा लागेल, तो घरात बसून आधीच करा.

पहिलं ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्का या नौदलाच्या तळावर, चिल्का सरोवराच्या काठावर. तिथं मी पोहण्यात मागं पडलो. आमच्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात, पण माझ्या शिकायच्या वयात विहिरीत पोहण्याइतकं पाणी टिकलंच नाही. रोज पहाटे वेगळा सराव करून ५० मीटर पार केले, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

मग मेकॅनिकल ब्रँच मिळाली आणि लोणावळ्याला आयएनएस शिवाजीला आलो. नाव जहाजासारखं, पण हे नौदलाचं जमिनीवरचं ट्रेनिंग सेंटर. जहाजाच्या इंजिनांचं शिक्षण १९४५ पासून या डोंगरावर दिलं जातं. जुलैत तिथला पाऊस पाहून मी पत्रात लिहिलं होतं, 'अण्णा, आपल्याकडं वर्षभरात पडतो त्याहून जास्त इथं एका महिन्यात पडला.' वर्गात पंप, व्हॉल्व्ह, प्युरिफायर, कंप्रेसर सुटे करून परत जोडायचे. डॅमेज कंट्रोलच्या, म्हणजे जहाजाला भोक पडलं तर काय करायचं ते शिकवणाऱ्या, खोलीत भोकांतून पाणी फवारत आत यायचं, ते छातीपर्यंत चढायच्या आत लाकडी पाचरी ठोकून थांबवायचं. हात बधिर व्हायचे. पण पाण्याला वाट दिली तर ते काय करतं, हे अंगाला कळलं.

खरी परीक्षा जहाजावर. वॉचकीपिंगचं, म्हणजे पाळीनं इंजिनावर लक्ष ठेवण्याचं, सर्टिफिकेट मिळेपर्यंत इंजिन रूममध्ये एकट्यानं उभं राहता येत नाही. त्यासाठी प्रत्येक पाइपलाइन हातानं धरून, बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या अगदी तळाशी, झोपून, सुरुवातीपासून शेवटापर्यंत शोधायची आणि वहीत काढायची. इंधन, लुब ऑइल (वंगण), समुद्राचं पाणी, गोडं पाणी, हवा. आत ४५ अंश गरम, आवाज अडवायला कानावर डिफेंडर, बोलणं खुणांनी. त्यात जहाज डोललं की पोटात ढवळायचं. एका हातात बादली, एका हातात वही, असे माझे पहिले दोन महिने गेले.

एक वॉच मी कधी विसरणार नाही. रात्री १२ ते ४. इंजिनभोवती जे पाणी फिरतं ते गोडं, औषध घातलेलं. समुद्राचं पाणी फक्त कूलरमध्ये येऊन त्याची उष्णता घेऊन जातं. या गोड्या पाण्याच्या टाकीची पातळी काचेत बोटभर उतरली होती. मी पाणी घातलं आणि पुढं निघालो. पुढच्या तासाला परत बोटभर कमी. परत घातलं. लॉगमध्ये, म्हणजे वॉचच्या नोंदवहीत, काहीच लिहिलं नाही, कारण पातळी तर बरोबर होती. आमचे चीफ केरळचे, मितभाषी. त्यांनी पाण्याचा कॅन पाहिला, काच पाहिली आणि कानाशी येऊन विचारलं, "पानी गया कहाँ?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांनी आधी डिपस्टिक काढून तेल बोटांवर चोळायला लावलं. पाणी तेलात गेलं असतं तर तेल दुधाळ झालं असतं आणि बेअरिंगची वाट लागली असती. सिलिंडरमध्ये गेलं असतं तर इंजिन परत चालू करताना पिस्टन पाण्यावर आपटला असता. तेल स्वच्छ निघालं. मग कोरडं फडकं घेऊन एकेक जोड पुसत गेलो. पंपाच्या सीलखाली फडकं ओलं झालं. थेंब थेंब गळून बिल्जमध्ये जात होतं. सील बंदरात गेल्यावर बदललं. मला लाज वाटली ती वेगळ्या कारणानं. घरी माठातलं पाणी तांब्याभर जरी कमी झालं तरी आई विचारायची, कुणी घेतलं? त्या घरचा पोरगा न विचारता पाणी ओतत बसला होता.

महिन्याभरानं ओरल बोर्ड, म्हणजे सर्टिफिकेटची तोंडी परीक्षा, झाली. साहेबांनी तीच लाइन फळ्यावर काढायला सांगितली. मी पंपापासून सुरुवात केली आणि गळणं कुठं कुठं होऊ शकतं ते न विचारता सांगितलं. सर्टिफिकेटवर सही झाली.

२०१४ मध्ये दुसऱ्या जहाजावर गेलो, तिथं माझ्याकडं समुद्राचं पाणी गोडं करणारा आरओ प्लांटही आला. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी आधी गाळायचं, मग पन्नास-साठ बारच्या दाबानं मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, ढकलायचं, तेव्हा पिण्याजोगं पाणी निघतं. बंदरातल्या तेलकट पाण्यावर प्लांट चालवायचा नाही, खुल्या समुद्रातच. प्लांट थांबला की सगळ्या जहाजाची अंघोळ मोजून मापून. तांब्यावर अंघोळ उरकायची सवय मला लहानपणापासूनची, इतरांना ती लावताना माझा फार वेळ जायचा.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. बंदराला लागलो तेव्हा घरी फोन केला. आई म्हणाली, "आठ दिवसांनी टँकर आलाय बाबा. तुझ्याकडं तर नुसतं पाणीच पाणी असंल." त्याच सकाळी मी प्लांटचं मीटर पाहून वहीत दिवसाचं पाणी लिहिलं होतं. तो आकडा आईला सांगायचं धाडस झालं नाही.

मे महिन्यात सुट्टीवर गेलो. विहीर कोरडी होती आणि इंजन गोठ्यात पोत्याखाली पडून होतं. अण्णांनी विचारलं, "तुमच्या जहाजावरचं इंजन कुणाचं रं?" मी म्हणालो, "ह्यांचंच. फ्रेंच पीलस्टिकचं डिझाइन, पण बांधलेलं किर्लोस्करनं." अण्णा काही बोलले नाहीत. पोतं बाजूला केलं, हँडल शोधून काढलं आणि मला म्हणाले, "दांडी धर."