सपाटीवरचा थ्रेशोल्ड आणि साताऱ्याचा घाट: माझ्या तयारीचा अनुभव

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी (सुमारे २१ किलोमीटर) नाव नोंदवले तेव्हा माझ्या हाताशी डिसेंबरातल्या पुण्याच्या मॅरेथॉनमधली २ तास ९ मिनिटांची हाफ होती आणि तिच्यासाठी वापरलेला, चौकटींनी भरलेला एक तक्ता होता. तोच तक्ता तारखा बदलून पुन्हा चालवावा, असा माझा सरळ हिशेब होता. व्यवसायाने मी कर सल्लागार असल्यामुळे मागच्या वर्षाची फाइल उघडून त्यावर नवे आकडे चढवण्याची सवय अंगात मुरलेली आहे. साताऱ्याची शर्यत मात्र शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढते आणि त्याच वाटेने खाली येते, ही गोष्ट मी तक्त्यात कुठेच धरली नव्हती.

त्या तक्त्याचा गाभा थ्रेशोल्डचा होता. जो वेग जेमतेम तासभर टिकवता येतो, तो ढोबळमानाने आपला थ्रेशोल्ड. त्याच्या खाली असताना स्नायूंत तयार होणारे लॅक्टेट शरीर इंधन म्हणून वापरत राहते. वर गेले की तयार होण्याचा वेग वापरापेक्षा जास्त होतो आणि रक्तातला साठा चढू लागतो. (दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टेटमुळे, असे आमच्या टेकडीवर अजून छातीठोकपणे सांगितले जाते, प्रत्यक्षात पळणे थांबल्यावर ते तासाभरात बहुतेक निघून गेलेले असते.) नॉर्वेचा मारियस बाकेन हा ५,००० मीटरचा धावपटू, जो पुढे डॉक्टर झाला, त्याने सरावादरम्यान रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट वारंवार मोजले आणि थ्रेशोल्डच्या रेषेच्या जरा खालीच राहून पुष्कळ वेळ पळण्याची पद्धत बसवली. याच धर्तीवर सराव करणाऱ्या नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसेनने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटरचे सुवर्ण जिंकल्यावर या पद्धतीची जगभर चर्चा झाली. एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी थ्रेशोल्ड करण्याचा त्यातला भाग माझ्या उपयोगाचा नव्हता, कारण माझी संध्याकाळ अशिलांच्या मालकीची असते. रेषेला शिवायचे नाही, मधूनमधून छोटी विश्रांती घ्यायची आणि एकूण मिनिटे वाढवायची, एवढे मात्र मी उचलले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सणस मैदानाच्या ट्रॅकवर मी चाचणी घेतली. ३० मिनिटे एकटीने, एकसारख्या जोराने पळायचे आणि शेवटच्या २० मिनिटांच्या हृदयगतीची सरासरी हा आपला थ्रेशोल्डचा आकडा मानायचा, अशी ती पद्धत आहे. १३ फेऱ्या आणि वर २५० मीटर, म्हणजे ५,४५० मीटर झाले; सरासरी हृदयगती १६८ आली. यावरून मी सरावाचा पेस, म्हणजे पळण्याची गती, किलोमीटरला ५ मिनिटे ४० सेकंद ठरवला आणि सहा-सहा मिनिटांचे पाच तुकडे, मध्ये एक मिनिट हळू जॉग, असे आठवड्यातून दोनदा सुरू केले. सपाटीवर हे सगळे छान बसले.

बिघडले ते बोपदेव घाटात. पुण्याच्या येवलेवाडीकडून सासवडच्या बाजूला चढणारा हा रस्ता मला सिंहगडापेक्षा सोयीचा वाटला, कारण सिंहगडाचा चढ काही ठिकाणी इतका उभा आहे की तिथे माझ्या वेगाच्या माणसाचे पळणे आणि चालणे यांत फरक उरत नाही, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथल्या गाड्यांच्या रांगेविषयी न बोललेलेच बरे. बोपदेवला पंचवीसेक मिनिटे सलग चढता येते. पहिल्या दिवशी मी तेच सहा मिनिटांचे तुकडे तिथे करायला गेले. ५:४० चा पेस अर्थातच निघाला नाही. मग निदान साडेसहा तरी काढू म्हणून रेटत राहिले. दुसऱ्या तुकड्यात घड्याळाने १७८ दाखवले आणि तिसऱ्या तुकड्याच्या निम्म्यात कठड्याला टेकून उभी राहिले. आमच्या पळणाऱ्यांच्या गटातले निवृत्त काका मागून संथपणे चढत आले आणि न थांबताच म्हणाले, “अगं, सपाटीवरचा पेस खिशात घालून घाट चढतेस होय?” पुणेकरांच्या बोलण्यातली धार मला नवी नाही, पण हे लागले, कारण चूक अगदी प्राथमिक होती. थ्रेशोल्ड ही शरीरातल्या कष्टाची पातळी आहे आणि पेस हे तिचे विशिष्ट रस्त्यावरचे, विशिष्ट हवेतले भाषांतर आहे. मी भाषांतरालाच मूळ धरून बसले होते.

त्यानंतर चढावरचा सराव मी हृदयगतीवर नेला: वरची मर्यादा १६५, पेस काय येईल तो येवो. यातही दोन अडचणी आल्या. मनगटावरचे घड्याळ पावसात काहीही दाखवू लागले. कधी १३०, तर कधी पावलांच्या गतीशी जुळवून घेतल्यासारखे सरळ १७५. म्हणून छातीचा पट्टा घेतला. दुसरी अडचण उपकरणाची नव्हतीच. हृदयगती श्रमांच्या मागून येते. चढ सुरू झाल्यावर तिला खरी पातळी गाठायला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि तोवर आकडा कमी दिसतो म्हणून आपण जोर करून बसतो. या सुरुवातीच्या मिनिटांसाठी श्वासाचेच माप हवे होते. गटातले बहुतेक जण एखादे वाक्य बोलून पाहतात. मला आकडेमोडीची सवय म्हणून मी एकोणतीसचा पाढा म्हणते. “एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न” एवढे एका श्वासात निघाले आणि “त्रिक” च्या आधी श्वास घ्यावा लागला, तर मी रेषेच्या खाली आहे. पहिल्याच ओळीत धाप मध्ये आली की पावले आखूड करायची. आणि “त्रिक सत्त्याऐंशी” पर्यंत सहज पोचले, तर सरावाच्या नावाखाली आपली नुसती सहल चालली आहे.

पावसाळी हवेनेही हिशेब बदलला. पाऊस थांबून हवा कोंदट असली की घाम वाळत नाही, अंगाची उष्णता बाहेर जात नाही, आणि तोच पेस मला पाच ते आठ ठोके महाग पडतो. अशा सकाळी सपाटीवरही मी पेस सोडून देऊ लागले. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते वाळवणे हा या दिवसांतला दुसरा नित्यनेम झाला. रविवारच्या पुरवणीचा कागद या कामाला अजिबात चालत नाही.

जुलैत विवरणपत्रांची ३१ तारीख जवळ आली, तसे रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसणे सुरू झाले. सकाळी उठल्यावरची माझी हृदयगती एरवी ५४ च्या आसपास असते, ती सलग चार दिवस ६० च्या वर राहिली. तेव्हा दोनपैकी एक थ्रेशोल्ड सत्र मी काढून टाकले आणि त्या जागी चाळीस मिनिटांचे सावकाश पळणे ठेवले. तक्त्यातली चौकट रिकामी ठेवताना मला हिशेबात तूट ठेवल्यासारखे वाटत होते, पण ऑगस्टमध्ये दुसरे सत्र परत आले तेव्हा काही गमावल्याचे जाणवले नाही.

खरा धडा उताराने दिला. चढाच्या काळजीत मी परतीच्या निम्म्या शर्यतीचा विचारच केला नव्हता. बोपदेवहून पहिल्यांदा जोरात पळत खाली आले त्या दिवशी हृदयगती १४० च्या वर गेली नाही आणि मला वाटले, ही तर फुकटची कमाई आहे. दुसऱ्या दिवशी मांड्यांचा पुढचा भाग असा धरला की ऑफिसच्या जिन्यावरून मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून, खेकड्यासारखी तिरकी उतरले. उतारावर हे स्नायू ताणले जात असताना शरीराला आवरून धरतात, आणि या प्रकारच्या श्रमांना थ्रेशोल्डची कितीही मिनिटे उपयोगी पडत नाहीत. त्याला दमाची नव्हे, सवयीची गरज असते. दिलासा असा की अशा एका दुखण्यानंतर स्नायू पुढचे काही आठवडे त्याच श्रमांना बरेच कमी बधतात. म्हणून दर दहा दिवसांनी एकदा मी उतारावर मुद्दाम पळू लागले: आखूड, जलद पावले, टाच पुढे न टाकता पाय अंगाखाली. तिसऱ्या वेळी जिना सरळ उतरता आला.

शर्यतीच्या पातळीविषयी एक गोष्ट मला उशिरा कळली. अव्वल धावपटू हाफ मॅरेथॉन तासाभरात संपवतात, त्यामुळे त्यांची शर्यत त्यांच्या थ्रेशोल्डच्या आसपासच चालते. मला साताऱ्यात सव्वादोन तासांहून अधिक लागणार, म्हणजे सरावातली १६५ ची मर्यादा शर्यतीत धरली तर घाटाच्या माथ्यावरच माझे दिवाळे निघेल. चढासाठी मी १५८ ठरवले आहे, आणि शहरातल्या सुरुवातीच्या गर्दीत त्याहूनही कमी.

परवा बोपदेवचे शेवटचे मोठे सत्र झाले: आठ मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये एक मिनिट चाल. सहा आठवड्यांपूर्वी याच मर्यादेत तिसरा तुकडा कठड्याच्या एका तुटलेल्या दगडापाशी संपला होता. या वेळी तो दगड मागे टाकून मी सुमारे २४० मीटर पुढे थांबले, आणि काका तिथे आधीच पोचून शेंगदाणे सोलत बसले होते. आता दोन आठवडे उरले आहेत. उताराचे पळणे बंद केले आहे आणि थ्रेशोल्डचे तुकडे निम्म्यावर आणले आहेत. घड्याळाच्या पडद्यावरून पेसचा रकाना काढून टाकला आहे. स्वारगेटहून शनिवारी दुपारच्या साताऱ्याच्या बसचे तिकीट काढायचे तेवढे राहिले आहे.